भाभीजींची कॉफी कोठीत गेली, त्याची हकिकत

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला निरोप धाडला तेव्हा तीन गोष्टी बजावून सांगितल्या. भाभीजींच्या कार्यावर लिहा, त्यांच्या स्वभावावर लिहा आणि लेख आटोपशीर ठेवा. पहिल्या दोन गोष्टी मी आनंदाने करीन. तिसरीची हमी देत नाही. ज्यांच्या हाताखाली माझी उमेदीची सारी वर्षे गेली, त्यांच्याविषयी आटोपशीर लिहिता आले असते तर मी कॉफी भाजत बसले नसते, तारा पाठवायच्या नोकरीत शिरले असते.

आदरणीय चंद्रकलाबाई, म्हणजे अवघ्या परतूरच्या भाभीजी, यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना या वयात कोणी म्हातारे म्हणायला धजत नाही, कारण भट्टीपाशी त्या अजूनही सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या असतात.

माझी आणि त्यांची पहिली भेट आगीने झाली, असे मी नेहमी सांगते. एक्याऐंशी साल होते. माझ्या यजमानांना परतूरच्या शाळेत नोकरी लागली आणि आम्ही मदनलालजी शेठजींच्या, म्हणजे भाभीजींच्या यजमानांच्या, घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी वाटूरची, शेतकऱ्याच्या घरातली. सामान लावीत होते तोच जळका वास आला आणि पुढच्या पडवीतून धूर दिसला. मी पाण्याची कळशी उचलली आणि धावले. पडवीत एक गोऱ्या, उंच बाई डोक्यावरचा पदर सावरीत लोखंडी कढईत उलथणे फिरवत होत्या. माझी कळशी पाहून त्या ओरडल्या, "पाणी नका टाकू! कॉफी हाय, कॉफी!"

"मला वाटलं, घर जळून राह्यलं," मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की पदर डोक्यावरून घसरला. मग त्यांनी मला पाटावर बसवले आणि पितळी फिल्टरमधला काळाभोर अर्क गरम दुधात ओतून पेला पुढे केला. आमच्याकडे कॉफी म्हणजे उपासाला किंवा तापातून उठलेल्या माणसाला द्यायची वस्तू. दूध, साखर आणि भरपूर जायफळ. हे प्रकरण वेगळे होते. मी घोट घेतला आणि तोंड वाकडे करून म्हणाले, "कडू हाय."

"हाय. अजून काय हाय?"

मला राग आला. पाहुणीला पाजायचे आणि वर परीक्षा घ्यायची, ही कोणती रीत? पण त्यांनी इतक्या उत्सुकतेने विचारले होते की मी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. भाजलेल्या शेंगदाण्यासारखे काहीतरी होते. आणि घोट उतरल्यावर मागून मोसंबीची साल चावल्यासारखे. मी तसे सांगितले. भाभीजींनी माझा हातच धरला. म्हणाल्या, "इथं येऊन इतके साल झाले, मोसंबी कुणाला सापडली नव्हती." तिथून पुढे मी त्यांची भाडेकरू कमी आणि शागीर्द जास्त झाले.

भाभीजींचे घराणे मूळ राजस्थानचे, पण माहेर कर्नाटकातल्या चिकमगळूरचे. वडिलांचे तिथे कापडाचे दुकान. मळ्यावरची माणसे बाजाराच्या दिवशी कापड घ्यायला येत आणि त्यांच्या अंगाला, पिशव्यांना वाळत घातलेल्या कॉफीचा वास असे. त्या वासात ही मुलगी वाढली. मळ्यांतून हिंडली, लालचुटूक फळे तोडताना पाहिली, गर काढून धुतलेल्या बिया उन्हात कशा हलवत राहायच्या ते शिकली. आणि मग लग्न होऊन आली कुठे, तर परतूरला. कापूस आणि ज्वारीच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत. इथे माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत चहाच्या नावाने जगतो. रुखवतात मांडलेला पितळी फिल्टर पाहून सासरच्या बायकांना वाटले, हा काहीतरी पूजेचा डबा असावा.

त्यांच्या सासूबाई, म्हणजे बाईजी, फार कडक. धर्माने जैन आणि नेमाने त्याहून जैन. त्यांनी सुनेला कॉफी प्यायला मनाई केली नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. पण कॉफीच्या बियांना त्यांनी कोठीचा उंबरा ओलांडू दिला नाही. आमच्याकडच्या वाचकांना कोठी काय ते सांगायला नको, पण हा ग्रंथ दूरवर जाणार आहे म्हणून सांगते. वर्षाचा गहू, तूर, मूग, सारे जिथे राहते ती आतली अंधारी, थंड खोली. तिची किल्ली बाईजींच्या कमरेला. "घराचं धान्य घरात. हे परक्या मुलखाचं बाहेर राहू दे," हे त्यांचे वाक्य मी स्वतः कितीदा ऐकले आहे. भाभीजींची कॉफी म्हणून पुढच्या पडवीतल्या पत्र्याच्या डब्यात राही. भाभीजी त्यावर कधी बोलल्या नाहीत. पण डब्याचे झाकण लावताना त्या कोठीच्या दाराकडे पाहत, ते मी पाहिले आहे.

धंद्याला सुरुवात झाली ती रेल्वेमुळे. तेव्हा आपली छोटी लाईन होती आणि स्टेशनावरची बरीच माणसे तेलुगू मुलखातली. स्टेशन मास्तरांच्या पत्नीला भाभीजींच्या पडवीतला वास रस्त्यावरून आला आणि ती बाई सरळ आत शिरली. तिला ताजी भाजलेली कॉफी मिळेना म्हणून ती चहावर दिवस काढीत होती. भाभीजींनी तिला पुडी बांधून दिली. मग गार्ड, सिग्नलवाले, त्यांचे पाहुणे. एक मास्तर बदलून गेले की नव्या मास्तरांना ते स्टेशनाबरोबर भाभीजींचा पत्ताही सोपवून जात. कढई पुरेना, तेव्हा मदनलालजींनी जालन्याच्या एका कारखान्यातून हाताने फिरवायचे लोखंडी पिंप करून आणले. वाड्याच्या पुढच्या अंगाला अडतीची एक खोली रिकामी होती. भट्टी तिथे गेली. मदनलालजी फार बोलत नसत, पण पिंप आणले त्या दिवशी पहिला फेरा त्यांनी स्वतः मारला आणि धोतराला काजळी लावून घेतली.

भाभीजींच्या हाताखाली शिकणे म्हणजे लाड नव्हते. भट्टीवर येताना गजरा नाही, अत्तर नाही, डोक्याला वासाचे तेल नाही. त्या माझ्या डोळ्यांवर हात ठेवीत आणि म्हणत, "ऐक." पिंपात बिया तापत. आधी गवताचा वास, मग भाकरी भाजल्याचा, आणि मग फुटाणे फुटावेत तसा तडतड आवाज. "आता मोजू नको काही, नाकानं बघ," असे त्या सांगत. नाकाने बघणे मला जमायला फार काळ लागला. चव घेताना त्या कपातून चमचाभर कोरी कॉफी घेत आणि मोठा सुर्रर आवाज काढून ओढत. एवढ्या मोठ्या घरची सून, आणि आवाज असा की अंगणातली गाय मान वळवायची. मला लाज वाटे. त्या म्हणत, "हवा संग गेली पाहिजे, तवाच कळतं. लाजायचं तर बाहेर जा."

कामातल्या त्यांच्या सचोटीविषयी एक प्रसंग सांगते. वाटूरच्या फाट्यावर एक हॉटेलवाले होते, त्यांनी मोठी मागणी दिली. म्हणाले, निम्मी चिकोरी, म्हणजे ती स्वस्त मुळांची भुकटी, टाका आणि पुडीवर शुद्ध कॉफी लिहा. भाभीजी म्हणाल्या, "चिकोरी पाहिजे तर टाकते, काही लोकायला आवडते. पण मंग पुडीवर चिकोरी लिहीन." हॉटेलवाले हसले, समजावू लागले, शेवटी रागावून गेले. मला वाटले, फिरून येतील. आले नाहीत. एवढे मोठे गिऱ्हाईक गेले म्हणून मी पुढचे कितीतरी दिवस चुटपुटत होते. भाभीजींनी मात्र त्यानंतर त्यांचे नावही काढले नाही, चांगल्यालाही नाही आणि वाईटालाही नाही.

आणि स्वभावातला मऊपणा पाहायचा असेल, तर पिंपळगाव रेणुकाईच्या गुरुजींना विचारा. भोकरदनकडून एसटीने येऊन ते पुड्या नेत. एकदा सहज म्हणाले, आमची मंडळी ही कॉफी दुधात खूप उकळते आणि अख्खे जायफळ किसून घालते. माझा तोल गेला. मी म्हणाले, "मंग आमची कॉफी कशाला नेता? नुसतं जायफळ उकळा की!" गुरुजींचा चेहरा पडला. भाभीजींनी मला बाजूला केले आणि त्यांना विचारले, दूध किती घेता, उकळता किती वेळ. नुसती चौकशी नव्हती ती. पुढच्या खेपेला त्यांनी गुरुजींसाठी बिया थोड्या गडद भाजल्या, म्हणजे दुधात आणि जायफळात कॉफी हरवणार नाही. मला म्हणाल्या, "पिणाऱ्याच्या घरी जाऊन तू थोडीच बसणार हायेस? त्याच्या चुलीला चालंल असं भाज." एका वाक्यात त्यांनी मला धंदा शिकवला, आणि माझ्या जिभेला लगामही घातला. तो पुरता बसला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. ही गोष्ट भाभीजी स्वतः सांगत नाहीत. कोणी विचारले तर "त्या साली माल खराब झाल्ता" एवढेच म्हणतात. मी तिथे होते, म्हणून मी सांगणार.

त्या काळी मळेवाल्याला आपली कॉफी परस्पर कोणाला विकता येत नसे. सारे पीक सरकारी मंडळाकडे जायचे आणि सगळ्या मळ्यांचा माल एकत्र व्हायचा. भाभीजींचे बंधू व्यापाऱ्याकडून गोणी मिळवून धाडीत, पण ती कुठल्या डोंगरावरची, कोणाच्या हातची, काही कळायला मार्ग नव्हता. भाभीजींना याचे दुःख होते. त्यांना लहानपणी हिंडलेल्या एका मळ्याची कॉफी हवी होती, रंगप्पांच्या मळ्याची. नव्वदीनंतर ते बंधन सैल झाले आणि भाभीजींनी रंगप्पांकडे शब्द टाकला. रंगप्पा तोंडाने तिखट माणूस. त्यांनी कळवले, थोड्या गोण्या देतो, पण मी वेरूळ पाहायला येणार आहे, तेव्हा वाटेत तुमच्या घरी माझीच कॉफी पिऊन बघेन. बरी निघाली तर दरसाल देईन. नाही तर हा पहिला आणि शेवटचा माल.

इकडे घरातही पेच पडला होता. मदनलालजींचे थोरले बंधू, ज्यांना सगळे मोठे शेठजी म्हणत, त्यांना बियाण्यांची एजन्सी टाकायची होती. जालना भागात तेव्हा बियाण्यांच्या धंद्याला बरकत आली होती आणि मोठे शेठजी काही चुकीचे बोलत नव्हते. त्यांना रस्त्यावरची खोली पाहिजे होती आणि ती खोली म्हणजे आमची भट्टी. त्यांनी भाभीजींना समोर बोलावून सांगितले, "एक साल देतो. मळ्याचा माल आला, चालला, तर बराबर. न्हाई तर खोली बियाण्याला. मंग पडवीत भाजा, घरापुरती." खोली गेली असती तर काम गेले असते. इतक्या वर्षांची भट्टी पुन्हा एका कढईवर आली असती. भाभीजींनी मान हलवली. नाही म्हणण्याची त्या घरात पद्धतच नव्हती.

गोण्या फाल्गुनात आल्या. काय बिया होत्या! हिरवट निळ्या, एकसारख्या, ओंजळीत घेतल्या की थंड लागत. भाभीजींनी चवीपुरत्या मूठभर भाजल्या आणि घोट घेऊन खाली बसल्या. म्हणाल्या, "हीच ती." बाकीचा माल रंगप्पा येऊन गेल्यावरच भाजायचा, असे ठरले. मग वैशाखात भाभीजींना भाचीच्या लग्नाला राजस्थानात जावे लागले. माझ्या यजमानांच्या शाळेला सुटी, म्हणून मी वाटूरला माहेरी. गोण्या भट्टीच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली घरात.

आम्ही दोघी परतलो ते रंगप्पा येण्याच्या आदल्या दिवशी. खोली उघडली तर गोण्या नाहीत. बाईजी दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी आधी कधी न पाहिलेले, हसू होते. "घाबरू नको," त्या सुनेला म्हणाल्या. "पत्र्याखाली तापून राह्यलं होतं सारं. कीड लागली असती. म्या आत घेतलं." आणि त्यांनी कमरेची किल्ली काढून कोठी उघडली.

गोण्या कोठीत होत्या. गव्हाच्या कणगीशेजारी, नीट पाटांवर ठेवलेल्या. भाभीजींनी एकीचे तोंड सोडले आणि मला लांबूनच वास आला. एरंडेल. घरच्या वर्षाच्या तुरीला, गव्हाला लावतात तसे बाईजींनी बायका बोलावून, चादरीवर पसरून, एकेक गोणी एरंडेल तेलाने चोळून काढली होती. वर कडुलिंबाचा वाळला पाला. "एक किडा दिसतो का बघ," बाईजी म्हणाल्या. "कीड पडली असती अन् तू तशीच भट्टीत टाकली असती, तर इतक्या जिवांचं पाप कुणाला? स्वतः बसून लावलं. बराबर झालं का न्हाई?"

कॉफीचे बी आजूबाजूचा जो वास असेल तो पिऊन घेते. मिरचीच्या पोत्याजवळ ठेवा, मिरची होते. तिथे तर तेल अंगभर जिरले होते. सारा माल गेला, हे मला उंबऱ्यातच कळले. माझ्या जिभेवर शब्द आले होते. भाभीजींनी माझे मनगट इतके घट्ट धरले की बांगडी रुतली. मग त्या वाकल्या, सासूच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "हो बाईजी. बराबर ठेवलं तुमी."

भट्टीवर येऊन आम्ही मूठभर बिया भाजून पाहिल्या. पुसल्या, कोमट पाण्याने धुतल्या, वाळवल्या, पुन्हा भाजल्या. काही उपयोग झाला नाही. धुरानेच सगळे सांगितले. मोठ्या शेठजींना बातमी लागली. ते येऊन म्हणाले, "व्यापाऱ्याची जुनी कॉफी हाय ना? ती पाजा. कॉफीवर काय नाव लिहिलेलं असतं?" ते वाईट मनाने बोलले नव्हते. घराची अब्रू जाऊ नये, एवढेच त्यांना वाटत होते. भाभीजी म्हणाल्या, "त्यायनं न्हाई ओळखली तरी म्या ओळखीन, भाईजी." मोठे शेठजी निघून गेले. भाभीजी पिंपाला टेकून बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले, आवाज न करता. मी त्यांना रडताना तेवढे एकदाच पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रंगप्पा आले. काळेसावळे, पांढऱ्या मिशांचे, अंगाने भक्कम. त्यांना फक्त कानडी येत होती. बैठकीत मोठे शेठजी होते, मदनलालजी होते. बाईजी नेहमीसारख्या आतल्या दाराआड, ओढणी चेहऱ्यावर घेऊन, आणि मी त्यांच्याजवळ. भाभीजींनी पाहुण्यापुढे कप ठेवला. त्या तेलकट बियांचाच. त्यांनी कप उचलायच्या आत भाभीजी कानडीत बोलू लागल्या. मला एक अक्षर कळत नव्हते, पण आदल्या दिवशीच भाभीजींनी सांगितले होते की खरे ते सांगणार, आणि चूक माझी म्हणून सांगणार. कसे जपायचे ते घरात समजावून गेले नाही, हा दोष माझा. रंगप्पांच्या मिशा हलायच्या थांबल्या.

बाईजींनी मला कोपराने ढोसले. "काय सांगून राह्यली ती? त्यायचं तोंड असं का झालं?"

मी खोटे बोलू शकले असते. पण मला ते येत नाही. मी हळू आवाजात म्हणाले, "बाईजी, कॉफीला तेल चालत न्हाई. माल नासला. अन् ती चूक आपली म्हणून सांगून राह्यल्या."

बाईजी काही वेळ दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मग त्या बाहेर आल्या. परक्या पुरुषासमोर बाईजी बैठकीत आलेल्या त्या घराने तोवर पाहिले नव्हते. मोठे शेठजी उठून उभेच राहिले. बाईजी सुनेला म्हणाल्या, "तू बाजूला हो. यांना सांग, तेल म्या लावलं. हिनं न्हाई. हिला ठावकंच नव्हतं."

भाभीजी जागच्या हलल्या नाहीत. "सांग!" बाईजी गरजल्या. भाभीजींनी कानडीत सांगितले. एकही शब्द गाळला नाही, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

रंगप्पा बाईजींकडे पाहत राहिले. मग त्यांनी समोरचा कप उचलला आणि एक घोट घेतला. त्यांचा चेहरा आठवला की मला आजही हसू येते. बाईजी म्हणाल्या, "मला पण दे त्यातली." उभ्या जन्मात त्यांनी कॉफी तोंडाला लावली नव्हती. भाभीजींनी दिली. बाईजींनी ओढणीच्या आड कप नेला आणि अर्धा रिकामा केला.

"यांना विचार," त्या म्हणाल्या, "असंच लागतं का तुमचं हे?"

भाभीजींनी विचारले. रंगप्पांनी मान हलवली. नाही.

"मंग विचार, चांगली कशी लागते ते मला कधी कळावं?"

भाभीजींनी कसेबसे तेवढे वाक्य कानडीत म्हटले. रंगप्पा कप खाली ठेवून बाईजींकडे वळले. मग एक छोटेसे वाक्य बोलले आणि भाभीजींनी तोंडाला पदर लावला.

"काय म्हणाले?" मोठ्या शेठजींनी विचारले.

"पुढल्या पिकाला, म्हणतात."

बाईजी थोरल्या मुलाकडे वळल्या. "ऐकलं? पुढल्या पिकाला. तवर खोलीला हात लावायचा न्हाई. मला चांगली प्यायचीय." आणि त्या आत निघून गेल्या. मोठ्या शेठजींनी बियाण्यांची एजन्सी दुसऱ्या गल्लीत टाकली. चांगली चालली. आज त्यांची नातवंडे आमच्याकडून कॉफी नेतात.

पुढच्या फाल्गुनात गोण्या आल्या, तेव्हा बाईजींनी कोठीतून मिरची आणि हिंग बाहेर काढायला लावले होते. कोठीचा एक कोपरा धुऊन, सारवून, वाळवून ठेवला होता. पहिली भट्टी निघाली. भाभीजींनी पहिला कप बाईजींपुढे ठेवला. मी, मदनलालजी, आम्ही सारे उभे होतो. बाईजींनी घोट घेतला, मग दुसरा. घाई नाही. पूर्ण कप संपवला, खाली ठेवला आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "आता समजलं, म्या काय नासवलं ते."

भाभीजी त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "नासवलं न्हाई, बाईजी. परक्याच्या धान्याला कुणी तेल लावतं का? त्या दिवशी तुमी माझी कॉफी घरात घेतली."

बाईजींनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथेच होता. मला तिथे उभे राहवेना, मी बाहेर येऊन पिंप फिरवीत बसले.

बाईजी आता नाहीत. रंगप्पांच्या मळ्याची कॉफी मात्र दरसाल येते. माझ्या यजमानांची जालन्याला बदली झाली तेव्हा मी रडत निरोप घ्यायला गेले, तर भाभीजींनी ते जुने पिंप टेम्पोत चढवून ठेवलेले. कोणीतरी म्हणाले, उद्या ही तुमचीच गिऱ्हाइके ओढील. भाभीजी म्हणाल्या, "जालन्याचे लोक काय माझ्यासाठी रोज परतूरला येणार हायेत? त्यायनं चांगली प्यावी का न्हाई?" माझे दुकान, माझ्या मुलांची शिक्षणे, सारे त्या पिंपातून निघाले. त्या वेळी मी आभार मानले नाहीत. आज छापून मानते.

भाभीजी, तुम्हाला उदंड आयुष्य लाभावे, हे तर सगळेच लिहितील. माझे मागणे थोडे नेमके आहे. तुमचे नाक असेच तल्लख राहो, गुडघे तुमच्या मनाइतके धावोत, आणि डॉक्टरांनी कॉफी कमी करा म्हटले तर त्यांनाच एक कप पाजायची ताकद अंगात राहो. येणाऱ्या प्रत्येक फाल्गुनात नव्या पिकाचा पहिला घोट तुम्ही घ्यावा, गाय मान वळवील एवढ्या आवाजात घ्यावा, आणि मान हलवून म्हणावे, "सुमन, जरा जास्त भाजलीस." ते ऐकून घ्यायला आम्ही तुमच्या समोर उभे असावे. पुढल्या पिकाला, आणि त्याच्या पुढल्याही.